दुधीचा रस आणि माझा वजनकाटा

काल्हेर, भिवंडी
20 जून

प्रिय ताईस,


तू पाठवलेला सात दिवसांच्या डिटॉक्सचा तक्ता मिळाला. खाली ‘सोमवारपासून करू का?’ एवढंच लिहिलंयस. दुधी आणून ठेवलायस हे मात्र तुझ्या सुनेकडून कळलं. म्हणून लगेच लिहायला बसले. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

हा तक्ता माझ्या ओळखीचा आहे. माघात आमच्या बिल्डिंगमध्ये तो 2,999 रुपयांच्या पुडीसकट आला होता. सकाळी लिंबू-मध-गरम पाणी, मग दुधीचा रस, दुपारी गाजर-बीट-सफरचंदाचा रस, संध्याकाळी शहाळं, रात्री मुगाचं कढण. पाच जणींनी घेतला, त्यात मीही होते. तुला सांगितलं नव्हतं, कारण तू हसली असतीस. तिसऱ्या दिवशी बाल्कनीत कपडे वाळत घालताना डोळ्यांपुढे अंधारी आली. पुडी विकणाऱ्या कोचबाई म्हणाल्या, ‘विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे.’ बरं वाटलं तर रसाचा गुण, भोवळ आली तर विषाचा निचरा! हरायची सोयच नाही. कुठलं विष, म्हणून विचारलं, तर त्यांनी विषय पुडीवर नेला.

ताई, आपली मूत्रपिंडं दिवसाला जवळजवळ 180 लिटर द्रव गाळतात. गच्चीवरचा तो निळा पिंप भरेल इतका. त्यातलं दीडेक लिटर बाहेर टाकून बाकीचं शरीराला परत देतात. दारू असो, औषध असो, त्याची विल्हेवाट यकृत लावतं. यासाठी त्यांना सोमवारची वाट बघावी लागत नाही. मूत्रपिंडं दमलेलीच असतील तर गाजर-बीट-शहाळ्यातलं पोटॅशियम त्यांना उलट जड जातं.

मग वजन कसं उतरतं? उतरतं, खोटं नाही. शेजारचीचं सात दिवसांत अडीच किलो उतरलं. यकृतात आणि स्नायूंत साधारण अर्धा किलो साखर साठवलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तिपटीच्या आसपास पाणी असतं. उपाशी राहिलं की आधी हा साठा जातो आणि काटा खाली येतो. आठव्या दिवशी तिने वडापाव खाल्ला, एकादशी अन् दुप्पट खाशी, आणि पंधरवड्यात दोन किलो परत आले. पाणीच होतं ते.

चौथ्या दिवशी मी तक्ता सोडला आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराची 17 मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात 2000 कॅलरींचं ताट मांडून दाखवलंय, कच्च्या वजनात: धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्यं 85, भाज्या 400, फळं 100, दाणे आणि तेलबिया 35, तेल 27, दूध किंवा दही 300 मिलिलिटर. एका कागदावर हे लिहिलं आणि शेजारी तो रसांचा तक्ता. मूग भरले 25 ग्रॅम. त्यात प्रथिनं सहाएक ग्रॅम. माझं वजन 62 किलो, किलोला 0.83 ग्रॅम या हिशेबाने मला रोज 51 तरी हवीत. दूध शून्य, दाणे शून्य, तेल शून्य. गाजर-बीट भरपूर, पण चोथा सगळा गाळणीत, म्हणजे आमच्या कचऱ्याच्या डब्याचं पोषण माझ्यापेक्षा बरं झालं. आणि गाळल्यावर उरतं ते गोड पाणी. मधातली आणि फळांच्या रसातली साखर जागतिक आरोग्य संघटना चहातल्या साखरेच्याच रांगेत बसवते. तुझ्यासारख्या मधुमेहीला हे पाजायचं आणि वर त्याला शुद्धी म्हणायचं!

तुझं तर अजून अवघड आहे. तू सकाळी ग्लायमेपिराइड घेतेस. ती गोळी पोटात गेली की साखर उतरवणारच, तू जेवलीस की नाही हे ती विचारत नाही. वरून पोळी-भात बंद. घाम, थरथर, कधी शुद्ध जाणं. त्यालाही कोणी ‘विष निघतंय’ म्हटलं तर? आणि तक्त्यासाठी परस्पर गोळीही बंद करू नकोस. आधी तुझ्या डॉक्टरांना तक्ता दाखव.

दुधीचं एक स्वतंत्रच सांगते. दुधी, काकडी, दोडका यांच्या कुळात क्युकरबिटासिन नावाचं कडू द्रव्य असतं. एखाद्या दुधीत ते फार वाढतं. बाहेरून काही कळत नाही, जिभेवर मात्र लगेच कळतं. 2018 साली पुण्यात असा रस प्यायल्यावर एका बाईचा मृत्यू झाल्याचं पेपरात आलं होतं. त्याआधीच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने बजावलं होतं की रस कडू लागला तर पिऊ नका आणि त्रास झाला तर तडक दवाखाना गाठा. म्हणजे अख्ख्या तक्त्यात खरं विष असण्याची शक्यता असलेला पदार्थ कुठला, तर हाच. आणि कोचबाई सांगतात, कडू असेल तेवढा गुणकारी! त्या दुधीची फोड चाखून बघ, गोड असेल तर चण्याची डाळ घालून भाजी कर.

आता माझंच उघडं पाडते. काटा हातात होता म्हणून रोजचं ताटही तोललं. तांदूळ आणि तांदळाच्या भाकरीचं पीठ मिळून 410 ग्रॅम. भाज्या 130. डाळ तीस. मला वाटत होतं आपण घरचं साधं खातो, म्हणजे चांगलं खातो. आमच्या मागे भिस्सी आहे (पैशांची भिशी नव्हे, पावरलूमवरच्या कामगारांच्या खानावळीला इथे भिस्सी म्हणतात). बारा तास साच्यापुढे उभी राहिलेली पोरं तिथे भाताचा डोंगर आणि पातळ डाळ जेवतात. त्यांना दुसरं परवडत नाही. मला परवडतं, तरी माझं ताट त्यांच्याचसारखं निघालं. आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांना पहिले दोन दिवस हलकं का वाटलं, तेही मग कळलं. फरसाण, बिस्किटं आणि चार चहा बंद होते. पुडीला श्रेय उगाच मिळालं.

मात्र 400 ग्रॅम भाजी म्हणजे निवडा, चिरा, धुवा! ज्यांनी ताट मांडलं त्यांनी विळीवर कोण बसणार हे लिहिलेलं नाही. मी ह्यांना बसवलं. पहिल्या दिवशी गवार निवडायला पाऊण तास लागला, आता पंधरा मिनिटांत होते. भात निम्म्यावर आणला, वाल आणि मूग रोज भिजतात. साडेचार महिन्यांत दोन किलो उतरलंय. सांगण्यासारखं नाही, पण परत आलेलं नाही.

आज सकाळी बाजारात पडघ्याकडून आलेल्या कातकरी बाया बसल्या होत्या. शेवळं घेतली, दोन जुड्या. साफ करताना हात खाजलेत, अक्षर त्यामुळे असं आलंय. खाज मारायला भाजीत घालायची काकडं मिळाली नाहीत, ह्यांना परत पाठवलंय. नाहीच मिळाली तर चिंचेचा कोळ घालीन.

तुझी,
छोटी