कापड, लोणी आणि पत

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत गावच्या दुकानाच्या एका भिंतीला किराणा, दारूची पिंपे आणि लोखंडी अवजारे असत. दुसऱ्या भिंतीला ‘ड्राय गुड्स’, म्हणजे कापडाचे तागे आणि त्याबरोबर लागणारे दोरे, सुया, फिती, गुंड्या, रुमाल. दुकानातला हा सर्वांत देखणा माल, आणि बहुधा सर्वांत लांबून आलेला. मँचेस्टरच्या आसपास छापलेले छिटाचे कापड लिव्हरपूल आणि न्यूयॉर्कमार्गे ओहायोतल्या खेड्यात पोचेपर्यंत चार-पाच हातांतून जाई. त्यांतल्या फार थोड्यांनी ते रोख मोजून घेतलेले असे. शतकाचा बहुतेक काळ हा व्यापार उधारीवर चालला. कापड पश्चिमेकडे सरकत राही, पैसा सवडीने पूर्वेकडे परते, आणि मधल्या महिन्यांत सगळा डोलारा माणसाच्या शब्दावर उभा असे.

1815 मध्ये ब्रिटनशी चाललेले युद्ध संपले आणि इतके दिवस अडून राहिलेला विलायती माल न्यूयॉर्क बंदरात येऊन पडला. लिलावात तो स्वस्तात जाऊ लागला आणि खरेदीदारांचे पाय त्या शहराकडे वळले. जानेवारी 1818 पासून ब्लॅक बॉल लाइनची जहाजे, माल भरो न भरो, ठरल्या तारखेला न्यूयॉर्क आणि लिव्हरपूलहून सुटू लागली. 1825 मध्ये एरी कालवा पुरा झाला. बफेलो ते न्यूयॉर्क वाहतुकीला टनामागे सुमारे 100 डॉलर पडत, ते 10 डॉलरच्या आसपास आले. फिलाडेल्फियाचा माल मात्र अजून बराच काळ मोठ्या छपरी गाड्यांतून डोंगर ओलांडून पिट्सबर्गला जाई आणि तिथून ओहायो नदीने खाली उतरे. याच सुमारास न्यू इंग्लंडच्या गिरण्याही जोमात आल्या. लॉवेलच्या गिरण्यांत विणलेला टिकाऊ, स्वस्त मांजरपाट विलायती छिटांच्या शेजारी फळीवर बसला.

न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीट ही कापडाच्या घाऊक व्यापाऱ्यांची पेठ होती. गावोगावचे दुकानदार वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, खरेदीला येत. फार लांबचे एकदाच. इलिनॉय किंवा केंटकीहून निघालेल्या माणसाला घोडागाडी, आगबोट, कालव्याची नाव असे करत जाता-येता कित्येक आठवडे लागत. त्याच्या खिशात रोकड थोडी असे. त्याहून मोलाची असत ती ओळखीची पत्रे. गावच्या वकिलाने किंवा जुन्या व्यापाऱ्याने लिहून दिलेले, हा गृहस्थ भला आहे, देणे फेडतो, अशा आशयाचे एक पत्र नव्या पेढीचे दार उघडी. घाऊक व्यापारी वचनचिठ्ठी लिहून घेई आणि सहा महिन्यांची, कधी वर्षाची मुदत देई. तो स्वतःही आयातदाराला किंवा गिरणीच्या अडत्याला मुदतीनेच देणे लागत असे. चांगले गिऱ्हाईक हातचे जाऊ नये म्हणून पेढ्यांचे कारकून उतारूंच्या हॉटेलांत जाऊन बसत आणि नुकत्या पोचलेल्या दुकानदाराची विचारपूस करत.

माल गावात पोचला की उधारीची दुसरी कडी सुरू होई. शेतकऱ्याच्या हातात नाणे येई ते पीक विकल्यावर. तोवर दुकानदार वहीत लिहून ठेवी. पण नाण्यावाचूनही फेड होत असे. लोणी, अंडी, मेण, पिसे, चरबी, लोकर, कातडी, जंगलातून खणून आणलेली जिनसेंगची मुळे या सगळ्याला दुकानात भाव होता. यांतले लोणी आणि अंडी म्हणजे घरातल्या बाईची कमाई. गायी पिळणे, घुसळणे, लोणी धुऊन मडक्यात भरणे हे तिचे काम, आणि त्याच्या बदल्यात येणारे छिटाचे सात-आठ वार हा बहुधा तिच्याच निवडीचा माल. दुकानदाराला या लोण्याची चिंता असे. दहा घरांचे लोणी दहा प्रतींचे, पण एकाला वाईट म्हणावे तर गिऱ्हाईक तुटे. म्हणून तो सरसकट भाव देई, सगळे पिंपात भरी आणि बाजारपेठेकडे रवाना करी. मिसिसिपीच्या खोऱ्यातला असा माल न्यू ऑर्लीन्सला जाई. त्याच्या विक्रीतून पूर्वेच्या पेढीचे देणे फिटे.

दुकानातला फळीपाट हे या व्यवहाराचे खरे ठिकाण. त्याच्या कडेवर पितळी खिळे ठोकलेले असत. ताग्याची घडी उलगडायची, कापड या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत ताणायचे की एक वार, 36 इंच, मोजून झाला. गिऱ्हाइकाची नजर कापडाच्या काठावर, दुकानदाराची खिळ्यावर. ताग्याला अडकवलेल्या चिठ्ठीवर आकडे नसत, अक्षरे असत. रोमन लिपीत दहा अक्षरे भरतील आणि एकही दोनदा येणार नाही असा ‘कम्बरलँड’सारखा एखादा शब्द दुकानदार ठरवून घेई. पहिले अक्षर म्हणजे 1, दुसरे म्हणजे 2, शेवटचे म्हणजे 0. कापड कितीला पडले हे त्याला एका नजरेत कळे. समोरच्या माणसाला ती अक्षरे कोड्यासारखी दिसत. घासाघीस चाले ती या झाकलेल्या आकड्याभोवती. संध्याकाळी दिवसभराचे व्यवहार रोजकीर्दीतून खतावणीत चढत. प्रत्येक घराच्या नावाचे एक पान असे, आणि त्या पानावरून त्या घरातली लग्ने, बाळंतपणे, मरणे ओळखता येत, कारण त्या सगळ्याला कापड लागे.

या साखळीत एक कडी निसटली की धक्का टोकापर्यंत पोचे. इलिनॉयमधल्या न्यू सेलम गावात अब्राहम लिंकन आणि विल्यम बेरी यांनी वचनचिठ्ठ्यांवर दुकान घेतले होते. ते चालले नाही. 1835 मध्ये बेरी वारला आणि सगळे कर्ज लिंकनच्या अंगावर आले. ते फेडण्यात त्याची पुढची कित्येक वर्षे गेली. 1837 च्या मंदीत हजारो दुकानदार एकदम अडले, आणि न्यूयॉर्कचा बडा रेशीम व्यापारी आर्थर टॅपन याच्या पेढीलाही पैसे देणे थांबवावे लागले. त्याचा भाऊ लुईस याने त्यातून एक धडा घेतला. शेकडो मैलांवरच्या माणसाला उधार द्यायचे तर त्याची माहिती हवी. 1841 मध्ये त्याने मर्कंटाइल एजन्सी सुरू केली. गावोगावचे वकील तिला कळवत: दुकानदाराचे वय काय, जमीन किती, दारू पितो का, बायकोच्या माहेरी पैसा आहे का, शब्दाला पक्का आहे का. पुढे आर. जी. डन यांच्या नावाने चाललेल्या या संस्थेच्या हस्तलिखित वह्यांचे 2500 हून अधिक खंड हार्वर्डच्या बेकर ग्रंथालयात आहेत. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असलेली पत त्यांत प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर कागदावर उतरली.

या व्यापाराच्या मुळाशी कापूस होता, आणि तो दक्षिणेतले गुलाम वेचत. त्यांच्याच अंगावर घालण्यासाठी ऱ्होड आयलंडच्या गिरण्या खास खरखरीत कापड विणून दक्षिणेत पाठवत. 1861 मध्ये यादवी युद्ध पेटले तेव्हा दक्षिणेकडची येणी बुडाली आणि न्यूयॉर्कच्या अनेक कापडपेढ्या बसल्या. अमेरिकन कापूस अडला म्हणून लँकेशायरने हिंदुस्थानी कापूस वाटेल त्या भावाने घेतला. मुंबईत पैशाचा पूर आला, तो 1865 मध्ये युद्ध संपताच ओसरला.

युद्धानंतर दक्षिणेत उधारीचे रूप कठोर झाले. मुक्त झालेल्या काळ्या कुटुंबांकडे आणि गरीब गोऱ्यांकडे जमीन नव्हती. दुकानदार त्यांना उभ्या पिकाच्या तारणावर कापड आणि धान्य देई. रोखीचा भाव एक, उधारीचा दुसरा. दोहोंतला फरक व्याज म्हणून मोजला तर तो अनेकदा वर्षाला 50 टक्क्यांपुढे जाई. वही दुकानदाराच्या हातात, आणि कापूस विकूनही खाते मिटले नाही तर पुढच्या वर्षीचे पीकही त्याचेच. उत्तरेकडे दोन समान माणसांमधला विश्वास म्हणून वाढलेली उधारी इथे शेतमजुराला जमिनीशी बांधून ठेवणारी बेडी झाली.

रेल्वेमुळे प्रवासाची दिशाही उलटली. दुकानदार शहरात येण्याऐवजी पेढ्यांचे फिरते विक्रेते नमुन्यांच्या पेट्या घेऊन गावोगाव उतरू लागले. कित्येक राज्यांनी त्यांच्यावर परवाना-कर लावले. टेनेसीचा असा कर सर्वोच्च न्यायालयाने 1887 मध्ये रद्द ठरवला. त्याच वर्षी शिकागोत मार्शल फील्डची सात मजली दगडी घाऊक वखार उघडली. मध्य-पश्चिमेच्या दुकानांना आता न्यूयॉर्कची गरज उरली नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोत 1853 पासून लेव्ही स्ट्रॉस हा घाऊक कापडव्यापारी होता. त्याच्याकडून कापड घेणाऱ्या रेनोच्या जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याने विजारीच्या खिशांना तांब्याचे रिव्हेट ठोकण्याची युक्ती काढली आणि एकस्वासाठी भागीदारी हवी म्हणून आपल्या पुरवठादारालाच पत्र लिहिले. 20 मे 1873 रोजी ते एकस्व दोघांना मिळाले. घेणारा आणि देणारा यांच्यातल्या विश्वासाचे ते फळ होते.

या पद्धतीला उतरती कळा लावली ती एका माजी फिरत्या विक्रेत्याने. गावच्या दुकानातल्या चढ्या भावांची गाऱ्हाणी ऐकलेल्या ॲरन माँटगोमेरी वॉर्डने 1872 मध्ये 163 वस्तूंची एकपानी यादी छापली आणि रोखीने माल थेट शेतकऱ्याकडे धाडायला सुरुवात केली. 1896 पासून खेड्यांत घरपोच टपाल येऊ लागले आणि 1 जानेवारी 1913 पासून पार्सलही. दुकानदारांनी कडाडून विरोध केला, पण छापील भावापुढे गुप्त अक्षरांची चिठ्ठी टिकली नाही. तयार कपड्यांनी वाराने कापड घेण्याची गरजही कमी केली. तरी दुष्काळात, आजारपणात, पीक बुडाल्यावर वर्षभर थांबायची तयारी कॅटलॉगात नव्हती. ती गावच्या दुकानदाराकडे होती. त्याची किंमत त्याच्या चढ्या भावात भरलेली असे, आणि ज्यांना दुसरा आधार नव्हता त्यांनी ती समजूनउमजून मोजली.