अर्ध्या टेबलाची बाजारपेठ

तोक्योच्या उपसागरात भराव घालून तयार केलेल्या आरिआके या भागात ‘तोक्यो बिग साइट’ हे भव्य प्रदर्शन-संकुल उभे आहे. चार उलटे पिरॅमिड उंच खांबांवर तोलून धरावेत, तशी त्याची दर्शनी इमारत दुरून दिसते. वर्षभर येथे यंत्रांची, कापडाची आणि नाना प्रकारच्या व्यापारी मालाची प्रदर्शने भरतात. ऑगस्टच्या मध्यास आणि डिसेंबरच्या अखेरीस मात्र येथे जो मेळा भरतो, त्याचे खरे वैभव अर्ध्या टेबलावर मांडलेले असते. या मेळ्याचे नाव ‘कॉमिक मार्केट’. जपानी तरुणाई त्याला लाडाने ‘कोमिके’ म्हणते.

चित्रकथांच्या चाहत्यांचा हा मेळा २१ डिसेंबर १९७५ रोजी तोक्योतील एका लहानशा सभागृहात प्रथम भरला. त्या दिवशी ३२ मंडळांनी आपल्या पुस्तिका मांडल्या होत्या आणि सुमारे ७०० माणसे आली होती; त्यांत शाळकरी मुलींचा भरणा मोठा होता. १९९६ पासून तो बिग साइटमध्ये भरू लागला. डिसेंबर २०१९ च्या चार दिवसांच्या मेळ्यात उपस्थितीचा आकडा साडेसात लाखांवर गेला. पुढे महासाथीने खंड पडला. आता मेळा दोन दिवसांचा असतो आणि प्रवेशासाठी मनगटपट्टी आधी घ्यावी लागते. तरीही दोन दिवसांत अडीच लाखांहून अधिक पावले येथे वळतात.

पहाटेच्या पहिल्या गाडीनेच लोक येऊ लागतात. रात्रभर रांगेत बसण्यास सक्त मनाई आहे. संकुलाबाहेरच्या मोकळ्या पटांगणात स्वयंसेवक माणसांचे चौकोनी गट आखतात आणि हजारोंचा जमाव हातवाऱ्यांच्या इशाऱ्यावर बसतो, उठतो, पुढे सरकतो. ऑगस्टमध्ये अंगाची लाहीलाही होते, तर डिसेंबरमध्ये समुद्रावरचा वारा हाडांत शिरतो. पाण्याची बाटली, टोपी किंवा मफलर यांचे महत्त्व येथे लवकर कळते. शाकाहारी प्रवाशाने तर आपला कोरडा फराळ बरोबरच ठेवावा. साध्या दिसणाऱ्या जपानी पदार्थांतही माशाचा अर्क बहुधा असतो.

साडेदहाच्या सुमारास मेळा सुरू झाल्याची घोषणा होते आणि साऱ्या सभागृहांतून टाळ्यांचा कडकडाट उठतो. विकणारे, घेणारे आणि व्यवस्था पाहणारे, सगळेच टाळ्या वाजवतात. त्यामागे या मेळ्याचा मूळ सिद्धांत आहे. येथे ‘ग्राहक’ हा शब्द मान्य नाही. पुस्तिका मांडणारा सहभागी, ती घेणारा सहभागी आणि विनावेतन राबणारा स्वयंसेवकही सहभागीच. गिऱ्हाईक हा राजा, असे मानणाऱ्या व्यापारी मनाला ही कल्पना प्रथम चमत्कारिक वाटेल. पण तिचा अर्थ सरळ आहे : पैसे मोजले म्हणून कोणी बसून हुकूम सोडायचा नाही; मेळा टिकवण्याची जबाबदारी प्रत्येकाची आहे.

प्रत्येक मंडळाला मिळते ती जागा अर्ध्या टेबलाची, म्हणजे सुमारे तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद. त्यावर स्वच्छ कापड, पुस्तिकांच्या नीट रचलेल्या थप्प्या, किमतीची हाताने लिहिलेली पाटी आणि सुट्ट्या नाण्यांची एक डबी. एवढेच दुकान! पुस्तिकांना ‘दोजिंशी’ म्हणतात. चाहत्यांनी स्वतः लिहाव्यात, स्वतः चित्रे काढावीत, पदरच्या पैशाने छापाव्यात आणि स्वतःच विकाव्यात, अशी ही रीत. कोणी लोकप्रिय चित्रकथेतील पात्रांची नवी कहाणी रचतो, कोणी स्वतःची. कोणी आगगाड्यांच्या जुन्या स्थानकांवर, तर कोणी एखाद्या गावच्या खाद्यपदार्थांवर वर्षभर खपून टिपण तयार करतो. येणारा नमुना प्रत उचलतो, चार पाने चाळतो आणि पसंत न पडल्यास किंचित झुकून ती जागेवर ठेवतो. घासाघीस नाही, आग्रह नाही. अनुभवी लोक १०० आणि ५०० येनची नाणी मुद्दाम जमवून आणतात. मोठी नोट पुढे करून टेबलामागच्याची अडचण करणे अशिष्ट मानले जाते.

ज्यांची कीर्ती मोठी, त्यांना भिंतीलगतची जागा मिळते, कारण त्यांच्या रांगा दाराबाहेर पोचतात. अशा रांगेतील शेवटचा माणूस ‘रांगेचा शेवट येथे’ अशी पाटी हातात धरून उभा राहतो. नवा माणूस आला की पाटी त्याच्या हाती देतो. पहारा नाही, दंड नाही. पाटी मात्र दिवसभर हातोहात फिरत राहते.

याच अर्ध्या टेबलांवरून काहींनी मोठी मजल मारली. ‘क्लॅम्प’ हा लेखिका-चित्रकारांचा प्रसिद्ध गट मुळात असेच एक हौशी मंडळ होता. परंतु बहुसंख्यांच्या हिशोबात छपाई, प्रवास आणि जागेचे शुल्क वजा जाता हाती फारसे उरत नाही. अनेकांना पदरमोडच करावी लागते. तरीही ती माणसे पुढच्या खेपेस पुन्हा अर्ज भरतात.

या मेळ्याचा पाया मात्र नाजूक आहे. दुसऱ्याने निर्मिलेल्या पात्रांवर पुस्तिका काढून विकणे कायद्याच्या काटेकोर नजरेत निर्दोष ठरत नाही. तरी मूळ प्रकाशक बहुधा कानाडोळा करतात. चाहत्यांच्या या उत्साहातूनच उद्याचे चित्रकार आणि वाचक घडतात, हे ते जाणतात. ३० डिसेंबर २०१८ रोजी जपानचा सुधारित स्वामित्वहक्क कायदा अमलात आला, तेव्हा योगायोगाने मेळा चालूच होता. मालकाच्या तक्रारीवाचून खटला भरण्याची मुभा त्या कायद्याने काही गुन्ह्यांपुरती दिली. परंतु सरसकट नक्कल करून बाजार बुडवणाऱ्यांपुरतीच ती ठेवली, आणि चाहत्यांच्या स्वतंत्र रचना तीतून वगळल्या. लेखी करार नसताना केवळ संयमावर चाललेल्या या व्यवहाराला कायद्यानेही जणू मान दिला.

संयम सुटला की काय होते, हेही या मेळ्याने भोगले आहे. काही पुस्तिकांतील अश्लीलतेवरून वाद उठल्याने १९९१ मध्ये त्याला माकुहारी येथील जागा गमवावी लागली. आज प्रत्येक नव्या पुस्तिकेची एक प्रत आयोजकांकडे द्यावी लागते, ती नियमांत बसते की नाही हे पाहिले जाते, आणि प्रौढांसाठीचे साहित्य अल्पवयीनांना विकता येत नाही. मुलांसह जाणाऱ्या कुटुंबाने कोणत्या दालनात काय आहे हे सूचीत आधी पाहून जावे, हेच श्रेयस्कर. मेळ्याच्या संस्थापकांपैकी एक योशिहिरो योनेझावा १९८० पासून २००६ मध्ये निधन होईपर्यंत त्याची धुरा वाहत होते. त्यांच्या विशाल संग्रहाचे ग्रंथालय २००९ मध्ये मेइजी विद्यापीठाने तोक्योत उघडले. एके काळी टाकाऊ समजल्या गेलेल्या चित्रकथा तेथे अभ्यासाचा विषय झाल्या आहेत.

दुपारी चार वाजता समाप्तीची घोषणा होते आणि पुन्हा टाळ्या वाजतात. उरलेल्या प्रती खोक्यांत भरल्या जातात, कुरिअरच्या खिडकीपुढे रांगा लागतात, टेबले मिटून एकावर एक रचली जातात. आपले काम संपलेले अनेक जण दुसऱ्यांच्या खुर्च्या उचलू लागतात. एखाद्या मंडळाच्या पन्नासांपैकी बाराच प्रती खपलेल्या असतात. पण त्या बारा जणांनी पुस्तिका हाती घेऊन पाहिलेली असते, दोन शब्द बोललेले असतात, आणि डबीतील नाण्यांच्या हिशोबात ती नोंद कोठेच नसते.