थांब, गाडी जाऊ दे की

आगगाडीच्या आवाजाचं संगीत होऊ शकतं का? फ्रेंच रेडिओवरच्या पिएर शेफर नावाच्या इंजिनिअरने १९४८ साली ते करून दाखवलं. पॅरिसच्या बातिन्योल स्टेशनवर त्याने इंजिनांचे फुत्कार, शिट्ट्या, रुळांची खडखड तबकड्यांवर टिपून घेतली आणि त्यांचे तुकडे पुन्हापुन्हा वाजवून, मागेपुढे जुळवून एक छोटीशी रचना बांधली. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला ती रेडिओवर वाजली. ना गायक, ना वाद्य! पुढे टेपरेकॉर्डर आला, मग संगणक आला आणि अशा संगीताची मोठी शाखाच तयार झाली.

आवाज कशाचा आहे ते विसरा, तो नुसता आवाज म्हणून ऐका, असं शेफर पुढे सांगू लागला. बेळगावात टिळकवाडीच्या रेल्वे फाटकाजवळ वाढलेल्या माझ्यासारख्याला हे जमणं कठीण. आमच्याकडे गाडी आली की बोलणं थांबायचं. भांडण असो की लग्नाची बोलणी, गाडी गेल्यावर तिथूनच पुढे सुरू.

म्हणून मला अमेरिकेचा स्टीव्ह राइश अधिक जवळचा वाटतो. त्याचे आईवडील वेगळे झालेले. एक न्यूयॉर्कला, एक लॉस एंजेलिसला. १९३९ ते १९४२ या काळात हा लहानगा दाईबरोबर गाडीने या टोकाहून त्या टोकाला जायचा. मोठेपणी त्याच्या मनात आलं, आपण ज्यू; त्या वर्षांत युरोपात असतो तर फार वेगळ्या गाड्यांत बसावं लागलं असतं. त्यातून १९८८ साली ‘डिफरन्ट ट्रेन्स’ ही रचना झाली. त्यात त्याची म्हातारी झालेली दाई बोलते, रेल्वेतला एक निवृत्त पोर्टर बोलतो आणि नाझींच्या छळातून वाचलेली तीन माणसं बोलतात. त्यांच्या बोलण्यातले चढउतार राइशने स्वरांत लिहिले आणि व्हायोलिन, व्हिओला, चेलोला दिले. माणूस बोलतो आणि तंतुवाद्य तेच बोल सुरात म्हणतं. पाठीमागे त्या काळातल्या गाड्या.

हे ऐकल्यापासून घरातली एक कॅसेट माझ्या मनात घोळत होती. १९८६ च्या दिवाळीत भाच्याने आईला बोलतं केलं होतं. लग्न होऊन मिरजेहून मीटरगेजच्या गाडीने ती बेळगावला आली, तो दिवस ती सांगते. आई आता नाही. गेल्या वर्षी आम्ही ती कॅसेट संगणकावर उतरवून घ्यायला दिली. स्टुडिओतला मुलगा म्हणाला, ‘‘काका, मध्ये गाडीचा आवाज फार आहे. काढून टाकू?’’

ताईला ते पटलं. ‘‘आईच ऐकू येऊ दे की, गाडी कशाला?’’ तिचंही खरं होतं. कारण आई म्हणते, ‘‘थांब, गाडी जाऊ दे की.’’ मग गाडी धडधडत जाते आणि ती पुरती जायच्या आतच आई पुन्हा बोलायला लागते. मिरजेच्या फलाटावर उभ्या राहिलेल्या तिच्या वडिलांबद्दलची ती तीन-चार वाक्यं गाडीखाली गेली आहेत. ताईला तीच हवी होती.

मुलाने मनापासून प्रयत्न केला. गाडी पुष्कळशी गेली. पण तिच्याबरोबर आईचा आवाजही विहिरीच्या तळातून आल्यासारखा झाला, आणि शब्द काही लागले नाहीत. ताईने ते एकदाच ऐकलं आणि म्हणाली, ‘‘राहू दे गाडी.’’

मी पेटीवर आईचं ते एक वाक्य काढून पाहिलं. ‘थांब’ षड्जावर, ‘गाडी’ कोमल गंधारापर्यंत चढते आणि ‘जाऊ दे की’ उतरत पुन्हा षड्जावर येतं. इतकी वर्षं रोज कानावर पडलेली ही चाल बोटांखाली आली तेव्हा कळलं, राइश काय शोधत होता ते.

आता सगळे जमलो की आम्ही ती कॅसेट लावतो. गाडीखालच्या त्या वाक्यांत ताईला ऐकू येतं, ‘‘आण्णा रडले नाहीत.’’ धाकट्या भावाला ऐकू येतं, ‘‘आण्णा वळले नाहीत.’’ मला कधी हे वाटतं, कधी ते. वाद मात्र कुणी घालत नाही. गाडी जाईपर्यंत सगळे गप्प बसतात.