मुंबईहून आलेल्या रार फाईली

गणपती जवळ आले की आमच्या तळा गावात ग्राममंडळांची पावती पुस्तकं, पत्रिका, स्मरणिका अशी कामं एकदम येतात. मजकूर गावातून मिळतो, फोटो मुंबईहून. मुंबईकर मंडळी ते एकत्र बांधून पाठवतात, कुणी झिप करून, कुणी रार, कुणी त्याचेही पार्ट वन, पार्ट टू असे तुकडे पाडून. माझ्या टायपिंगच्या दुकानात एकच जुना संगणक, त्यावर विंडोज टेन. झिप तो आपणहून उघडतो. रार दिसली की अडतो.

बाजारात बहुतेकांकडे विनरार असतं. चाळीस दिवसांची मुदत संपली की परवाना घ्या अशी पाटी येते, पण काम चालू राहतं, म्हणून कुणी पैसे भरत नाही. धंद्याच्या जागी हे मला पटत नव्हतं. म्हणून मी सेव्हन-झिप घेतलं. इगोर पाव्हलॉव यांनी ते १९९९ मध्ये आणलं. दुकानात वापरलं तरी फुकट. रार बनवता येत नाही, उघडता येते, आणि मला उघडायचीच असते. तुकडे सगळे एकाच फोल्डरमध्ये ठेवून फक्त पहिला उघडायचा, बाकीचे ते स्वतः शोधतं. आधारच्या ऑफलाइन केवायसीची झिपसुद्धा चार अक्षरी शेअर कोड टाकला की यातून निघते. मेनू मराठीत करता येतो, काही ओळी मात्र इंग्रजीच राहतात. मदतीला येणाऱ्या मुलीला तेवढंही पुरलं.

मला खरा उपयोग झाला तो तपासणीचा. पावसात लाईट जाते, डाउनलोड अर्धवट तुटतं आणि फाईल मात्र पूर्ण असल्यासारखी दिसते. राइट क्लिक करून 'टेस्ट आर्काइव्ह' दाबलं की आतली एकेक फाईल वाचून पाहिली जाते. एका स्मरणिकेच्या वेळी तिसऱ्या तुकड्यावर 'अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ डेटा' आलं. सगळं परत मागवायची गरज उरली नाही, तेवढाच तुकडा मागवला आणि छपाई वेळेत गेली. एका बाबतीत विनरार सरस आहे: फाईल बांधताना त्यात रिकव्हरी रेकॉर्ड ठेवला तर थोडी बिघडलेली रार दुरुस्त होते. मुंबईकरांनी तो जरूर ठेवावा.

सेव्हन-झिप आपणहून अपडेट होत नाही, हे ध्यानात असू द्या. इंटरनेटवरून आलेल्या फाईलीवर विंडोज सावधगिरीची खूण ठेवतं. जुन्या आवृत्त्यांत दुहेरी बांधलेल्या फाईलींतून ती खूण गळत असे. नोव्हेंबर २०२४ च्या २४.०९ आवृत्तीत हे दुरुस्त झालं. हेल्पमध्ये जाऊन आपली आवृत्ती पाहा, जुनी असेल तर आजच बदला, आणि नवी फक्त सेव्हन-झिप डॉट ऑर्गवरूनच घ्या. नावात डॅश आहे, तो विसरू नका.