पानाचा ओलावा तासांत मोजतात!

झाडाचं पान रात्रभरात किती तास ओलं राहिलं हे मोजणारं यंत्र असतं, तुम्हाला ठाऊक होतं? मला नव्हतं! हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करताना वाटायचं, जगात मोजण्यासारखं जे काही आहे ते एव्हाना कुणाच्या तरी डॅशबोर्डवर आलेलंच असणार. मग दिंडोरीच्या एका द्राक्षबागेत जाऊन उभा राहिलो.

नोकरी गेली तो भाग थोडक्यात उरकतो. मीटिंग छोटी, आवाज गोड, संध्याकाळी लॅपटॉप जमा. कॉलेजातल्या एका मित्राने त्याच्या नाशिकच्या लहानशा कंपनीत बोलावलं : बागांमध्ये हवामान केंद्रं बसवायची आणि त्यांचा डेटा खरा येतोय की नाही ते बघायचं. पगार निम्मा. बायको म्हणाली, “जाऊन तर बघ.” गेलो, आणि आता घरात दुसरा विषय नाही म्हणून तीच वैतागलीय.

तर ते यंत्र. पंज्याएवढी पट्टी, तिच्यावर धातूच्या बारीक रेघा एकमेकींत शिरलेल्या, पण एकमेकींना न टेकलेल्या. वेलीच्या पसाऱ्यात ती पानासारखी तिरकी बांधायची. दव पडलं की पाणी रेघांना जोडतं, विद्युतरोध धाडकन उतरतो, वाळलं की पुन्हा चढतो. झालं, एवढंच!

आणि हे कशासाठी? डाऊनीसाठी, म्हणजे वेलींवरच्या केवडा रोगासाठी. सगळे त्याला बुरशी म्हणतात, पण शास्त्राच्या हिशेबात तो बुरशीपेक्षा शेवाळाच्या भावकीतला, आणि त्याचे बीजाणू चक्क पोहतात! पानाच्या पाठीवरच्या पाण्याच्या पापुद्र्यात दोन शेपट्या हलवत जातात आणि पर्णरंध्रातून आत शिरतात. तेलकट डाग दिसतो तो त्यानंतर काही दिवसांनी, म्हणजे डाग बघून फवारणारा कायम मागेच. ओलाव्याचे तास आणि तापमान यांची सांगड घातली तर ‘काल रात्री लागण झाली असणार’ हे डाग दिसण्याआधी सांगता येतं. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बांधावरच बसलो आणि पुन्हा सांगायला लावलं.

याच रोगावरचं बोर्डो मिश्रण कसं सापडलं माहितीय? फ्रान्समधल्या मेदॉक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांनी हात मारू नये म्हणून मोरचूद आणि चुना शिंपडायचे. १८८२ मध्ये मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की तेवढ्याच वेली हिरव्या राहिल्यात. आमच्याकडे प्रत्येक शेडमध्ये आज बोर्डो आहे!

बरं, पाण्याचं तर विचारूच नका. ऊन, वारा, तापमान, आर्द्रता एवढ्यावरून बागेची तहान काढता येते. १९४८ मध्ये पेनमन यांनी सूत्र मांडलं, १९६५ मध्ये माँटीथ यांनी ते पुढे नेलं, आणि १९९८ पासून जागतिक अन्न व कृषी संघटनेची त्यावरची पुस्तिका जगभर वापरात आहे. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर. ठिबकचा कॉक किती वेळ उघडा ठेवायचा ते इतकं थेट निघतं. आणि द्राक्षांचं म्हणाल तर पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून आहे, आणि मी त्याच पुण्यात राहून फक्त द्राक्षं खात होतो.

सगळंच काही भारी नाही. ड्रोनचे फोटो छान येतात, पण माझ्या मते खरी किंमत त्या फालतू दिसणाऱ्या पट्टीचीच. पर्जन्यमापकात मुंग्या घर करतात, आतली शिंपली अडकते आणि धो धो पावसात स्क्रीनवर शून्य दिसतं. या क्षेत्रातलं माझं पहिलं कौशल्य म्हणजे जुना टूथब्रश!

ज्यांच्या बागेत पहिलं केंद्र बसवलं ते नाना फळछाटणीपासूनचे दिवस बोटांवर मोजतात. बाग फुलोऱ्यात, रात्री पाऊस झालेला. मोबाइल बघून मी म्हणालो, “नाना, पान नऊ तास ओलं होतं.” त्यांनी खालचं एक पान उलटं केलं, अंगठा फिरवला. “रात्री दव कधी पडलं ते मला झोपेत कसं कळणार? ते तुझं मशीन सांगंल. बाग काय म्हणती ते मी सांगतो.” आणि फवारणीचा ब्लोअर जोडायला गेले. त्याआधीच्या आठवड्यात ढग येऊनही पट्टी कोरडीच होती, तेव्हा त्यांनी एक फवारणी वाचवली होती. निर्यातीच्या मालात फवारणी हा नुसता पैशाचा प्रश्न नसतो, मालात उरणाऱ्या अंशाचाही असतो. २०१० मध्ये एका वाढरोधकाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, ते इथे कुणी विसरलेलं नाही.

आता डोक्यात डाळिंब शिरलंय. त्यावरच्या तेल्या रोगाचे जिवाणू पावसाच्या शिंतोड्यांबरोबर झाडावरून झाडावर जातात, मग तिथे ओलाव्याबरोबर वाऱ्याचा वेगही धरायला हवा ना? नानांना विचारलं. म्हणाले, “डाळिंबाचं मला नको विचारू, सटाण्याला जा.” सोमवारी निघतोय, टूथब्रश घेऊन!