खारा वारा, मतलई वारा

सहनशक्तीच्या खेळांविषयी लिहिताना आपल्याकडे बहुधा जिद्दीची भाषा वापरली जाते. शरीर थकले तरी मन थकू देऊ नये, हा तिचा सारांश. ट्रायथलॉनचा, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे सलग पूर्ण करण्याचा सराव करताना मला ही भाषा अपुरी वाटत आली आहे. हा सराव मी पेण तालुक्यातल्या जिते गावाच्या परिसरात करतो, तोही एप्रिल-मे महिन्यांत. आणि तिथल्या उन्हावाऱ्यापुढे नुसती जिद्द फार काळ टिकत नाही.

शाळेच्या भूगोलात आपण सर्वांनीच दोन वारे वाचलेले असतात : रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा आणि दिवसा समुद्राकडून येणारा खारा वारा. पुस्तकात ते बाणांनी दाखवलेले असतात. सायकलवर ते मांड्यांना कळतात. पहाटे हवा जवळजवळ स्तब्ध असते. दुपारी खाडीच्या बाजूने वारा उठतो. उन्हाळ्यात तो बहुतेक वायव्येचा. त्यामुळे महामार्गाने उत्तरेस, पाताळगंगेवरच्या खारपाड्याच्या पुलाकडे जाताना तो छातीवर येतो आणि परतताना पाठीशी असतो.

परतीचा प्रवास सुखाचा, असे कोणालाही वाटेल. गणित मात्र वेगळे आहे. ताशी 20 किलोमीटरच्या वाऱ्याविरुद्ध मी ताशी 15 च्या वेगाने रखडत असलो, तरी अंगावरून ताशी 35 किलोमीटरने हवा जात असते. तोच वारा पाठीशी घेऊन ताशी 25 ने निघालो, तर अंगाला जाणवणारी हवा उरते जेमतेम ताशी 5 ची. धावताना तर वाऱ्याचा आणि आपला वेग जुळला की आपण जणू बंद खोलीत धावत असतो. एक लिटर घाम वाळताना शरीरातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता ठिबकून गेलेला घाम काहीच नेत नाही. कोकणातल्या दमट हवेत घाम आधीच वाळायला तयार नसतो, त्यात वाराही पाठीशी गेला की अंग तापतच राहते. जो वारा छळतो तोच जपतो, आणि जो पुढे ढकलतो तोच घात करू शकतो.

घात हा शब्द मी सैलपणे वापरत नाही. 16 एप्रिल 2023 रोजी याच जिल्ह्यातल्या खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या समारंभाला उघड्या मैदानात जमलेल्या लोकांपैकी 14 जण उष्माघाताने दगावले. पारा तेव्हा चाळिशीच्या आतच होता. ती माणसे कुठल्याही शर्यतीत नव्हती. श्रद्धेने बसून होती. उन्हाला आपल्या हेतूशी देणेघेणे नसते, एवढे त्या दिवसाने कायमचे सांगून ठेवले आहे.

अर्थात शरीर उन्हाला सरावते. रोज थोडे तापत राहिले, तर साधारण दहा ते चौदा दिवसांत रक्तातला द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जाते. सराव सुटला की काही आठवड्यांत हे सारे ओसरते. पण परिसरातली कष्टाची माणसे एवढ्यावर विसंबत नाहीत. ज्यांना शक्य आहे ते उजाडताच शेताला लागतात, डोक्यावर ऊन आले की सावली धरतात आणि उन्हे कलली की पुन्हा उठतात. ज्यांना दुपारीही डांबर ओतावे लागते, त्यांना ही निवड नाही. मला आहे, आणि ती असून न वापरणे याला शौर्य म्हणणे मला जमत नाही.

1978 मध्ये हवाईत पहिली आयर्नमॅन शर्यत झाली, तेव्हा 15 जण उतरले आणि 12 जणांनी ती पूर्ण केली. इतिहास त्या बारांचा लिहिला गेला. माझे कुतूहल आता उरलेल्या तिघांकडे वळते. गोव्यात 2019 मध्ये पणजीला आयर्नमॅन 70.3 पहिल्यांदा झाली, 1.9 किलोमीटर पोहणे, 90 किलोमीटर सायकल, 21.1 किलोमीटर धावणे. तिथे एकदा उतरण्याची इच्छा आहे, आणि वय पन्नाशीपलीकडचे आहे. म्हणून घरच्यांशी एक करार केला आहे : सायकलवरून उतरल्यावर सावलीत पाच मिनिटे थांबूनही नाडीचे ठोके खाली आले नाहीत, तर त्या दिवशी धावायचे नाही. या उन्हाळ्यात असे चार दिवस आले. सरावाच्या वहीत मी ते गैरहजेरी म्हणून नोंदवलेले नाहीत.