वणव्यातली पंचविशी

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला माणसे बायकोला पैठणी घेतात. मी तंबू घेतला. म्हणजे मुलाने दिला. मी फक्त वाहिला. "डोंगरावर चांदण्यात राहू," असे मी म्हणालो तेव्हा हिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला होता.

मुहूर्त एप्रिलचा. स्थळ हेदवी. दशभुज लक्ष्मीगणेशाचे दर्शन झाले, बामणघळीत भरतीचे पाणी उसळताना अंगावर घेऊन झाले आणि संध्याकाळी सड्यावर बिऱ्हाड मांडले. शेकोटीसाठी काटक्या गोळा करू लागलो, तर खालच्या काजूच्या बागेचे मालक धावतच वर आले.

"आवो भाऊ, ह्ये वणव्याचं दिस! गवात बघताव ना? बिडीचं थोटूक पुरं होतं."

गवत खरोखरच पापडासारखे वाजत होते. बागेभोवती त्यांनी दोन हात रुंद पट्टा गवत कापून साफ ठेवला होता. शेवटी उघड्या कातळावर स्टोव्हवर चहा करायची परवानगी मिळाली आणि रात्रीच्या जेवणाचे आमंत्रणही. चहा पिऊन आम्ही खाली उतरलो.

दुसरी भाकरी पानात पडते न पडते तोच कोणीतरी ओरडले, "सडा पेटला!"

माझा घास घशातच राहिला. स्टोव्ह! मी तो बंद केला होता का? आठवेना. मालक, त्यांची मुले, शेजारपाजार, सगळे ओले टहाळे तोडून वर पळाले. मीही पळालो. पन्नाशी उलटल्यावर चढ चढताना माणसाला जे जे आठवते ते सगळे आठवले, फक्त स्टोव्ह आठवेना. आग टहाळ्याने झोडपायची, पण फार उंच उचलून नाही, नाहीतर ठिणग्या उडतात, हे मला हिने शिकवले. ही माहेरची चिपळूणची. पदर खोचून ती माझ्या चार पावले पुढे होती.

दोन वाजता आग विझली. सात वर्षांच्या कलमांची एक ओळ गेली, बाकी बाग त्या दोन हातांच्या पट्ट्याने वाचवली. मालक काळ्याठिक्कर बुंध्यावरून हात फिरवत उभे होते. मला राहवेना. म्हटले, "बहुतेक आमचा स्टोव्ह..."

"छा! ती थयनं आली," त्यांनी पूर्वेच्या डोंगराकडे बोट केले. "रातचा वारा दर्याकडं जातो. तुमचा तंबू त्या अंगाला."

मतलई वारे! शाळेत याच प्रश्नाचे दोन मार्क गेले होते. चाळीस वर्षांनी उत्तर कळले.

तंबूला ठिणग्यांनी बारा भोके पडली होती. आत आडवे झालो, तर खरेच चांदणे दिसत होते.

"अगं, पण तो स्टोव्ह मी बंद केला होता ना?"

"नव्हता. मी केला," ही कूस बदलत म्हणाली. "पंचवीस वर्षं घरचा गॅस कोण बंद करतंय असं वाटतं तुम्हाला?"